पऱ्हाटीतून साखर काढायची पद्धत, ऍसिड वापरून

कापूस वेचून झाला की विदर्भात पऱ्हाटी (म्हणजे कपाशीच्या उरलेल्या काड्या) एकतर सरपणाला जाते नाहीतर धुऱ्यावर ढीग करून पेटवून देतात, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या काड्यांच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरेच्याच साखळ्यांचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची साखळी, हेमिसेल्युलोज म्हणजे मुख्यतः झायलोज या दुसऱ्या साखरेची, आणि या दोघांना घट्ट धरून बसलेलं लिग्निन. ऍसिड इथे कॅटॅलिस्ट आहे, पाणी साखळी तोडतं, ऍसिड फक्त ते काम लवकर करवून घेतं आणि स्वतः तेवढंच्या तेवढं शिल्लक राहतं. १८१९ साली ब्राकोनो या फ्रेंच केमिस्टने सल्फ्युरिक ऍसिडने चिंध्यांची साखर करून दाखवली होती, म्हणजे साखर निघते हे दोनशे वर्षांपासून माहीत आहे, अडतं ते निघालेली साखर वाचवण्यात.

हे सगळं कॉलेजच्या लॅबमध्येच करायचं, घरच्या कुकरमध्ये अजिबात नाही. कुकर ऍल्युमिनियमचा असतो, ऍसिड तो खातं आणि हायड्रोजन सुटतो.

काड्या आधी नीट धुवा. काळ्या मातीत चुनखडी असते, ती आणि काडीतली राख मिळून तुमचं थोडंसं ऍसिड परस्पर मारून टाकतात, मग रिझल्ट दर वेळी वेगळा का येतो ते कळत नाही. सावलीत वाळवा, तुकडे करा, दळा, बारीक रव्याएवढी भरड पुरते. थोडी भरड वेगळी काढून १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये ठेवून ओलावा मोजा, कारण पुढचा सगळा हिशोब कोरड्या वजनावर करायचा आहे. ही वाळवलेली भरड प्रयोगाला वापरू नका, ती फक्त मोजायला.

आता ऍसिड, आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. प्रोटोकॉलमध्ये '१ टक्का' लिहिलेलं असतं पण वजनाने की आकारमानाने ते आधी बघा. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ऍसिड पाण्याच्या जवळपास पावणेदोन पटींपेक्षाही जड असतं, त्यामुळे एका लिटरला वजनाने १ टक्का हवं तर साधारण साडेपाच मिली पुरतं, पण १० मिली घातलं की ते जवळपास दुप्पट होतं, आणि मग दोन ग्रुपचे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडणं. गॉगल, ग्लोव्हज घालून, पाण्यात ऍसिड हळूहळू सोडायचं, उलटं कधीच नाही.

१० ग्रॅम भरडीला १०० मिली डायल्यूट ऍसिड घ्या आणि रात्रभर तसंच भिजू द्या, ही पायरी बरेच जण गाळतात पण मग काडीच्या आतला भाग कोरडाच राहतो आणि वरची साखर मात्र जळते. सकाळी बोरोसिलची बाटली दोन तृतीयांशापेक्षा जास्त न भरता, झाकण सैल ठेवून, ऑटोक्लेव्हला (लॅबमधला मोठा प्रेशर कुकर) १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर. सुरुवातीला ३० मिनिटं आणि ६० मिनिटं अशा दोन बॅच करून बघा. मी पहिल्यांदा जास्त वेळ म्हणजे जास्त साखर असं समजून दोन तास ठेवलं होतं, बाहेर आलं ते कॉफीसारखं काळपट पाणी आणि ही साखर आंबवायला त्यात टाकलेलं यीस्ट वाढलंच नाही. झालं काय, तर झायलोजचं फरफ्युराल बनलं (बदामासारखा वास येतो, पण नाक जवळ नेऊन हुंगू नका), ग्लुकोजचं एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युराल), वर हेमिसेल्युलोजमधून सुटलेलं ऍसिटिक ऍसिड, आणि ही तिन्ही यीस्टला नको असतात. प्रेशर शून्यावर आपोआप येऊ द्या, घाई केली तर बाटली उकळून सांडते.

गार झालं की मलमलीतून गाळून दाबून घ्या. या पाण्यात मुख्यतः झायलोज आहे, सेल्युलोज अजून चोथ्यातच आहे, आणि तेही एकाच दमात तोडायला तापमान वाढवलं तर आधी निघालेल्या झायलोजची वाट लागते, म्हणून दोन टप्पे करायचे. चोथा ऍसिड जाईपर्यंत धुवून सेल्युलेज या सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवा, ५० डिग्री, पीएच ४.८, ४८ ते ७२ तास, ग्लुकोज मिळतो. ७२ टक्के ऍसिडचीही पद्धत आहे (३० डिग्रीला तासभर, मग ४ टक्क्यांपर्यंत पातळ करून १२१ डिग्रीला तासभर), पण ती काडीत किती साखर आहे ते मोजायला चांगली, साखर बनवायला इतकं ऍसिड परवडत नाही.

गाळलेलं पाणी न्यूट्रल करायला कॅल्शियम कार्बोनेट चिमटी चिमटीने टाका, भसकन टाकलं तर फेस बाहेर येतो. १०० मिलीत १ ग्रॅम ऍसिड असेल तर साधारण १ ग्रॅमच लागतं, पीएच ५ ते ६ झाला की थांबा, खाली बसलेलं जिप्सम गाळून टाका. कॉस्टिक सोडा वापरला तर तयार झालेलं मीठ (सोडियम सल्फेट) पाण्यातच राहतं आणि यीस्टला त्रास होतो. पाणी फारच गडद असेल तर चुन्याच्या निवळीऐवजी विझवलेला चुनाच घालून पीएच १० पर्यंत नेऊन अर्धा तास ठेवतात, गाळतात, मग परत ५.५ वर आणतात, यात थोडी साखर जाते पण यीस्ट जगतं.

साखर डीएनएसने (साखरेबरोबर रंग देणारं डायनायट्रोसॅलिसिलिक ऍसिड) ५४० नॅनोमीटरला मोजा आणि आलेला आकडा हिशोबाशी ताडून बघा. १० ग्रॅम कोरड्या काडीत २ ग्रॅम झायलन (झायलोजची साखळी) धरलं तर झायलोज जास्तीत जास्त २.२७ ग्रॅम निघू शकतो, तुमचा आकडा त्याच्या खूप वर गेला तर आनंद नको, डीएनएसला सगळ्याच रिड्युसिंग साखरा आणि इतरही काही गोष्टी दिसतात.

आणि यीस्ट निवडताना लक्षात ठेवा, बेकरीचं साधं यीस्ट ग्लुकोज खातं पण झायलोजला तोंड लावत नाही, झायलोजच्या पाण्यात शेफरसोमायसिस स्टिपिटिस हे झायलोज खाणारं यीस्ट टाकावं लागतं.