सकाळी आवाज घोगरा, घशात गोळा: पोटातलं आम्ल वर येतंय का, हे कसं ओळखावं आणि काय करावं

सकाळी उठल्यावर आवाज जाड येतो. चार-पाच वेळा खाकरल्याशिवाय पहिलं वाक्य नीट निघत नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण जेवताना घास मात्र सहज उतरतो. दुपारपर्यंत आवाज सुटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाशकात हे डिसेंबर-जानेवारीत झालं की थंडीवर ढकललं जातं, फेब्रुवारीत आंबट द्राक्षांवर आणि एप्रिलमध्ये धुळीवर. ऋतू बदलला तरी घसा तसाच राहत असेल, तर पोटाचा विचार करायला हवा.

अन्ननलिकेच्या दोन्ही टोकांना स्नायूंच्या झडपा असतात, एक जठराच्या तोंडाशी आणि दुसरी घशाजवळ. त्या ढिल्या पडल्या की पोटातलं आम्ल आणि त्याच्यासोबत पेप्सिन हे पाचक द्रव्य वर येतं. अन्ननलिकेचं अस्तर थोडंफार आम्ल सोसतं. स्वरयंत्राचं अस्तर त्यापेक्षा फार नाजूक असतं, त्यामुळे छातीत काहीच न जाणवता घशाला इजा होऊ शकते. म्हणूनच “मला पित्ताचा त्रासच नाही, छातीत कधी जळजळत नाही” एवढ्यावरून हा विचार सोडून देऊ नका. घशापर्यंत आम्ल येणाऱ्या अनेकांना छातीत जळजळ होत नाही.

आधी हे तपासा

घरचे उपाय सगळ्यांसाठी नाहीत. आवाज बसून तीन-चार आठवडे झाले असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू, गुटखा, बिडी, सिगारेट यांपैकी काहीही चालू असेल किंवा पूर्वी बरीच वर्षं होतं, तर तेवढंही थांबू नका. गिळताना घास अडकणं किंवा दुखणं, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, एकाच कानात सतत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं एक लक्षण असलं तरी त्याच आठवड्यात जा. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा दम कोंडत असेल, तर थेट तातडीच्या विभागात जा. छातीतलं दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, तर त्याला ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. तो हृदयविकार असू शकतो.

स्वरयंत्राचा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा फक्त बसलेल्या आवाजातून कळतो आणि तेव्हाच पकडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. घरातल्या तंबाखू खाणाऱ्या काकांचा किंवा आजोबांचा आवाज बदलला असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी त्यांची वेळ घ्या.

दोन आठवडे वही ठेवा

रोज चार गोष्टी लिहा: रात्री किती वाजता जेवलात, काय जेवलात, किती वाजता आडवे झालात आणि सकाळी आवाज कसा होता. आवाजाला शून्य ते पाच गुण द्या.

आवाज कोणत्या वेळी वाईट असतो, हे नक्की लिहा. उठल्याउठल्या वाईट आणि दिवस चढेल तसा बरा, हे आम्ल वर येण्याकडे बोट दाखवतं. सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी बसलेला, हे बहुतेकदा आवाजावर पडणाऱ्या ताणाचं लक्षण असतं. साठ मुलांच्या वर्गात सहा तास शिकवणाऱ्या बाई, लासलगावात कांद्याचा लिलाव पुकारणारे, भाजीबाजारात दिवसभर ओरडणारे विक्रेते, ढोलपथकात तालमीच्या गोंगाटावरून सूचना देणारी मुलं यांचा त्रास बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यांना पित्ताची गोळी देऊन काही साधत नाही. ध्वनिवर्धक आणि आवाजाचं प्रशिक्षण उपयोगी पडतं. अर्थात दोन्ही त्रास एकाच माणसाला असू शकतात.

तज्ज्ञ एक छोटी प्रश्नावलीही वापरतात. गेल्या महिन्यात आवाजाचा घोगरेपणा, खाकरणं, घशात कफ साचणं, गिळताना त्रास, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला, श्वास अडकणं, सतावणारा खोकला, घशात गोळा आणि छातीत जळजळ, या नऊ गोष्टींचा किती त्रास झाला याला प्रत्येकी 0 ते 5 गुण द्यायचे. बेरीज 13 च्या वर गेली तर आम्लाचा संशय घेतला जातो. मात्र तो फक्त संशयच असतो. ॲलर्जीच्या सर्दीतही हीच बेरीज सहज वर जाते.

रात्रीचं जेवण अलीकडे ओढा

एकच बदल करायचा असेल तर हा करा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. भरलेलं पोट घेऊन आडवं झालं की आम्ल वर यायला वाट मोकळी होते, मग जेवणात काहीही असो. लोक “मी तिखट सोडलं, आंबट सोडलं” असं सांगतात आणि रात्री साडेदहाला जेवून अकराला झोपतात. माझ्या मते पथ्याच्या लांबलचक यादीपेक्षा घड्याळ जास्त महत्त्वाचं आहे.

हे सांगायला सोपं आहे, याची मला कल्पना आहे. मेन रोडवरच्या दुकानदाराला शटर खाली ओढून घरी पोहोचेपर्यंत दहा वाजतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दुसऱ्या पाळीचा कामगार मध्यरात्रीच्या आसपास घरी येतो. त्यांनी पोटभर जेवण संध्याकाळी डब्यातच उरकावं. घरी आल्यावर वाटीभर मऊ वरणभात किंवा मुगाची खिचडी पुरे. तळलेलं, तुपातलं, तेलकट नको, कारण स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात. त्यानंतर निदान थोडा वेळ बसून राहावं किंवा हळूहळू शतपावली करावी.

झोपताना पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचला. ठोकळे सरकणार नाहीत ना, हे बघून घ्या. दोन-तीन उशा रचल्याने हे काम होत नाही. त्यांनी शरीर कमरेत वाकतं आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपणं चांगलं. पोटावर घट्ट नाडी किंवा पट्टा नको. पोट सुटलेलं असेल तर चार-पाच किलो वजन कमी केल्यानेही बऱ्याच जणांना फरक पडतो.

मिसळीचं काय करायचं?

नाशिककराला मिसळ कायमची सोडा असं सांगून उपयोग नाही आणि तशी गरजही बहुतेकांना नसते. प्रत्येकाचं पोट वेगळं. दोन आठवडे तर्री, कच्चा कांदा, चहा-कॉफी, चॉकलेट, सोडायुक्त शीतपेयं, तळण आणि दारू बंद ठेवा. वाइनही दारूच, मग ती आपल्याच मळ्यांतली का असेना. मग तीन-तीन दिवसांनी एकेक पदार्थ परत आणा आणि वहीत बघा. ज्याने सकाळचा आवाज बिघडेल तेवढाच सोडा. मिसळीची एक जमेची बाजू म्हणजे ती सकाळी खाल्ली जाते आणि नंतर माणूस दिवसभर उभा किंवा बसलेला असतो. रात्री अकराची झणझणीत शेवभाजी त्याहून जास्त त्रास देऊ शकते. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी चहावर चहा आणि मग एकदम ताटभर साबुदाणा खिचडी, हेही टाळा. थोडं थोडं, दोन-तीनदा खा.

घशासाठी आपण प्रेमाने जे देतो, त्यातलंही काही नडतं. लिंबू-मध-गरम पाण्यातलं लिंबू स्वतःच आम्ल आहे. पेपरमिंटच्या गोळीने घसा गार वाटतो, पण पेपरमिंट जठराची झडप ढिली करू शकतं. मिठाचं पाणी पिऊन उलटी काढण्याची सवय असेल तर ती थांबवा, कारण तिने आम्ल रोज स्वरयंत्रापर्यंत येतं. खाण्याचा सोडा तेवढ्यापुरता आराम देतो, पण त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यापासून लांबच राहावं. साधं कोमट पाणी घोट घोट पिणं सगळ्यात उत्तम.

खाकरणं सोडवा

हा भाग लोक वगळतात, म्हणून मी त्यावर जास्त बोलते. खाकरताना दोन्ही स्वरपट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात. त्याने सूज येते, सुजेमुळे घशात काहीतरी असल्याचा भास होतो आणि तो काढायला माणूस पुन्हा खाकरतो. आम्ल कमी झालं तरी हे चक्र स्वतःच्या बळावर चालू राहतं.

खाकरावंसं वाटलं की आधी एक घोट पाणी प्या. पाणी नसेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन आवंढा गिळा. तरीही राहवत नसेल तर ओठ मिटून हलकासा हुंकार द्या, ‘हं’, अगदी हळू. सुरुवातीला घरच्यांना सांगून ठेवा, कारण स्वतःला खाकरताना कळतच नाही. मुलं हे काम फार मनापासून करतात. आवाज बसलेला असताना कुजबुजूही नका, बऱ्याच जणांच्या स्वरयंत्रावर कुजबुजताना जास्त ताण पडतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला.

गोळीबद्दल

मेडिकलमधून पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणून महिनोन् महिने घेणारे घरोघरी आहेत. ब्रिटनमध्ये 346 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घशाची लक्षणं दीर्घकाळ असलेल्यांना 16 आठवडे त्याच प्रकारचं लॅन्सोप्रॅझोल किंवा हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली गेली. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच झाली. म्हणून घसा न तपासता, फक्त लक्षणं ऐकून सुरू केलेल्या गोळीचा मी आग्रह धरणार नाही. छातीत जळजळही असेल आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवल्यावर घेतली तर तिचा पुरेसा उपयोग होत नाही.

तुमची चालू औषधंही डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागू शकतो. दम्याच्या स्टिरॉइड पंपाने आवाज बसू शकतो. पंपानंतर चूळ भरून गुळण्या केल्या तर त्रास कमी होतो. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका.

तपासणीला जाताना

वही आणि औषधांची यादी सोबत न्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघतात. काही मिनिटांचं काम असतं, थोडं चुरचुरतं, पण दुखत नाही. खर्चाची चिंता असेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात आधी विचारा. घशाला लाली दिसली म्हणजे आम्लच, असं लगेच धरू नका. तशी लाली ॲलर्जी, धूर आणि आवाजाच्या ताणानेही येते. म्हणून डॉक्टरांना हे तीन प्रश्न नक्की विचारा: स्वरपट्ट्यांवर गाठ आहे का, त्या दोन्ही नीट हलतात का आणि थायरॉइड तपासायला हवं का?

घशाची सूज उतरायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे आठवड्याभरात पथ्य सोडू नका. तीन महिने सगळं नीट पाळूनही सकाळचा आवाज तसाच राहिला, तर गोळीचा डोस वाढवून घेण्याऐवजी निदानाचाच फेरविचार करायला सांगा. तेव्हा नाकातून बारीक नळी ठेवून 24 तास आम्लाची नोंद घेणारी चाचणी करता येते. आम्ल खरोखर वर येतंय की नाही, हे त्यातून बऱ्याच अंशी कळतं.