पोलिसिंग शिकवायचंय? आधी पोलीस ठाण्यात बसायला शिका

क्रिमिनॉलॉजीत, म्हणजे गुन्हेगारीशास्त्रात, एमए करतोय, पुढे पोलिसिंग आणि सेफ्टी हाच विषय घेऊन प्रोफेसर व्हायचंय, काय करू, असं मुलं सारखी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितो.

कागदावरचा रस्ता सरळ आहे. एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, मग यूजीसी नेट ही प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, विषय क्रिमिनॉलॉजी. २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) चालतं, पण जागाच इतक्या कमी की पीएचडी कराच, आणि जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर घरी पैसे मागायची वेळ येत नाही. मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, मद्रास विद्यापीठाचा क्रिमिनॉलॉजी विभाग, ही नावं आधी बघा.

खरी परीक्षा फील्डवर्कची. पोलीस आयुक्तालयात किंवा एसपी ऑफिसला लेखी अर्ज द्या, गाईडचं पत्र जोडा, आणि परवानगीला महिने लागणार हे धरूनच चाला. मिळाली की ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्या पोलिसाच्या, टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचं, प्रश्न न विचारता. मी असाच बसलो होतो, एक ताई मारहाणीची तक्रार घेऊन आल्या, अर्धा तास बोलल्या आणि एनसीची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची, पावती घडी करून पर्समध्ये टाकून गेल्या. अदखलपात्र म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत, आणि तशी नोंद झाली म्हणजे दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यात ती मारहाण येणारच नाही. म्हणून देशभरची गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या एनसीआरबीचा आकडा वाढला की गुन्हे वाढले असं लगेच लिहू नका, कदाचित नोंद जास्त व्हायला लागली असेल. हे एवढं जरी विद्यार्थ्यांना समजावता आलं तरी तुम्ही चांगलं शिकवताय.

वाचायचं म्हणाल तर पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंह खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल पूर्ण वाचा, बीपीआरअँडडी या केंद्राच्या पोलीस संशोधन संस्थेची पोलीस मनुष्यबळाची आकडेवारी दरवर्षी बघा, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलमासकट पाठ पाहिजे, तिच्या आधीच्या सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या नोट्सवर भागणार नाही. टिसने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, सामाजिक कार्यकर्ते थेट पोलिसांच्या आवारात बसवले, तो प्रयोग तर नक्की अभ्यासा, संशोधन आणि सुरक्षितता एकत्र कशी चालते ते तिथे दिसतं.

ठाण्यात मोबाइल बाहेर काढू नका. बाहेर पडलात की पहिल्या चहाच्या टपरीवर बसून सगळं लिहून काढा, रात्रीपर्यंत थांबलात तर अर्धं विसरतं, आणि तक्रारदाराचं नाव स्वतःच्या वहीतसुद्धा लिहायचं नाही.