ट्रस्टींना ट्रेनिंगला पाठवताय? आधी विषयांची यादी मागवा

ट्रस्टींच्या ट्रेनिंगमध्ये बरेचदा दिवसभर नेतृत्व आणि व्हिजनच्या स्लाइड्स असतात, जेवण झकास असतं, आणि घरी आल्यावर चेंज रिपोर्ट (ट्रस्टमधला बदल धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचा अर्ज) कधी भरायचा ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फी भरायच्या आधी एवढं बघा:

१. विषयांची यादी मागवा. आपल्या महाराष्ट्रातल्या ट्रस्टला १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा लागतो, तर ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, जमीन विकायच्या आधी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी, ऑडिट, हे त्यात हवंच. सेक्शन ८ कंपनी (कंपनी म्हणून नोंदलेली ना-नफा संस्था) असेल तर कंपनी कायदा शिकवणारं वेगळं ट्रेनिंग शोधा.

२. नोट्स कधीच्या आहेत ते विचारा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, अजून फक्त जुनीच कलमं शिकवत असतील तर सोडून द्या.

३. आपल्याच ट्रस्टची घटना (नियमावली) आणि मागचा ऑडिट रिपोर्ट घेऊन बसता येईल का? हो म्हणाले तर दोन पैसे जास्त गेले तरी चालेल. एकट्या सेक्रेटरीला पाठवू नका, खजिनदार तरी सोबत हवा.

आणि सर्टिफिकेट मिळालं, बाकी सीए बघतील असं धरून चालू नका, नोटीस ट्रस्टींच्याच नावाने येते.