आडवाटेची देवळं, एसटीनं: एका दिवसात एकच

मी आणि माझ्या सासूबाई, आम्ही दोघीच फिरतो. त्यांची पंचाहत्तरी उलटलीय, त्यामुळे त्यांना राज्यात एसटीचं तिकीट लागत नाही, मला अर्धं लागतं. मग स्वतंत्र गाडी करायचा विषय आमच्या घरात निघतच नाही. एसटीमुळे एक शिस्त मात्र आपोआप लागली: एका दिवसात एकच देऊळ. दोन दिवसांत दहा मंदिरं उरकणाऱ्यांचा निम्मा वेळ रस्त्यात जातो आणि उरलेला चपला काढण्या-घालण्यात.

ठरवताना आधी देऊळ, मग महिना, मग दिवसातली वेळ. आपल्याला सुट्टी कधी मिळते ते सगळ्यात शेवटी.

खिद्रापूरचंच बघा. शिरोळ तालुक्यात अगदी कर्नाटकाच्या सीमेला, कृष्णेच्या काठावर कोपेश्वराचं देऊळ आहे. जयसिंगपूरला रेल्वेनं उतरून किंवा नरसोबाच्या वाडीहून आधी कुरुंदवाड गाठायचं आणि तिथून खिद्रापूरची गाडी धरायची. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, कृष्णेला पूर आला की हा भाग पाण्यात असतो. फोटोवाले पहाटे जायला सांगतात, मी भर दुपारी जा म्हणेन. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, मोठा गोल झरोका आहे. बाराच्या पुढे त्यातून उन्हाची चकती आत उतरते. हिवाळ्यात ती उत्तरेकडच्या खांबांकडे सरकलेली असते, मेच्या पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ मधोमध पडते. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री त्या झरोक्यातून चंद्र बघायला लोक येतात, पण तेव्हा गर्दीचे खांदेच जास्त दिसतात.

दुपारी जायचं तर जाड पायमोजे घ्या. देवळात अनवाणी, आणि काळा दगड असा तापतो की प्रदक्षिणेची शर्यत होते. सासूबाई लोकरीचे मोजे नेतात, लोक हसतात, त्या बाहेरच्या भिंतीचा हत्तींचा थर शांतपणे बघून येतात.

या देवळासमोर नंदी नाही. का नाही, ते फलकावर वाचू नका, गुरवांना विचारा. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून तो इथे नाही, तो पलीकडे यडूरला, ही गोष्ट प्रत्येक गुरव आपल्या पद्धतीनं सांगतो. त्यांना बोलतं करायची सासूबाईंची रीत साधी आहे. आधी दर्शन, मग दक्षिणा, मग जरा टेकायचं, आणि प्रश्न त्यानंतर. आल्या आल्या फोन काढलात तर गुरव तोंड मिटतात. गाभाऱ्यात फोटो विचारल्याशिवाय नाही. पुरातत्त्व खात्याचा फलक असेल तिथे कॅमेऱ्याच्या तिपाईला परवानगी लागते, आणि अशी बहुतेक ठिकाणं सूर्योदय ते सूर्यास्तच उघडी असतात.

पुण्याजवळचं भुलेश्वर अगदी उलट. बाहेरून इतकं साधं, घुमटाबिमटांचं दिसतं, की पुष्कळजण हेच का ते म्हणून वळतात. आत शिरा. जिना अरुंद आणि अंधारा आहे, तेव्हा हाताला धरून चढवा. वर आतल्या भिंतींवर महाभारतातले प्रसंग आहेत, आणि एक स्त्रीरूपातला गणपतीही. तो शोधावा लागतो, मी जागा सांगणार नाही. इथे टॉर्च हवाच, मोबाईलचाही चालेल, पण तो समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा, झिजलेली नक्षी सावलीनं उठून येते. अस्पष्ट शिलालेखालाही हीच युक्ती. खडू, हळद, पाणी काहीही लावायचं नाही. पुणे-दौंड मार्गावर यवत स्टेशनला उतरा आणि रिक्षा जाऊन-येऊन, थांबण्याच्या वेळेसकट, बसण्याआधी ठरवा. वरून परतीला काही मिळेल या भरवशावर राहू नका.

सिन्नरचं गोंदेश्वर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपं: नाशिक-पुणे रस्त्यावर गाड्या भरपूर, आणि पाच देवळांचं पंचायतन मोकळ्या अंगणात. सकाळी जा. एवढंच.

देवळात शिरण्याआधी आवाराला एक फेरी मारा. झाडाखाली शेंदूर फासलेले उभे दगड दिसले तर ते बहुधा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे. खालून वर वाचायचे: तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरला असेल तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची. माझ्या मते अर्धा इतिहास इथेच असतो, आणि लोक त्यावर पिशव्या ठेवून फोटो काढतात.

आता भंडारदऱ्याजवळची रतनवाडी. रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं देऊळ, शेजारी कोरीव पुष्करणी. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरी, हिरवाईसाठी सप्टेंबर. भर जुलैत धुक्यात कळसही दिसत नाही. जवळची सांदण दरी मात्र पावसाळा संपल्यावरच, पाण्यात उतरायची हौस नको. काजवे बघताना दिवे बंद, झाडं हलवायची नाहीत. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. पिठलं-भाकरी मिळते, वेळेवर आलात तर गरम. सुटे पैसे जवळ ठेवा, डोंगरात फोनची रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देणंही बंद.

अशा गावांसाठी स्टँडवर ‘मुक्कामी गाडी’ विचारा. ती संध्याकाळी गावात येते, रात्रभर तिथेच उभी राहते आणि सकाळी तालुक्याला परत निघते. परतीची नेमकी वेळ चौकशीच्या खिडकीवर विचारली तरी उतरताना कंडक्टरला पुन्हा विचारा, आणि सकाळी दहा मिनिटं आधी गाडीपाशी जाऊन उभे राहा. शाळेची पोरं चढली की बसायला जागा मिळत नाही.