बचत गटात नाव घालताना: विचारायचं काय, बघायचं काय

शेजारीण "गटात येतेस का" म्हणाली, की आधी विचारा, दर महिन्याची बचत कोणाच्या खात्यात जमा होते? हल्ली दोन वेगळ्याच गोष्टींना "गट" म्हणतात. बचत गटात बायका स्वतःची बचत गोळा करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात आणि व्याज गटातच राहतं. दुसरा प्रकार फायनान्स कंपनीचा. पाच-दहा जणींना एकत्र बसवून एकमेकींना जामीन ठेवतात, कर्ज देतात आणि ठरल्या वारी हप्ता न्यायला माणूस येतो. तिथे व्याज कंपनीचं, शिवाय शेजारणीचा हप्ता चुकला की तगादा तुम्हालाही. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

गटात १० ते २० महिला असतात. डोंगराळ, आदिवासी भागात किंवा दिव्यांग महिलांचा गट असेल तर पाच जणीही चालतात. ग्रामीण महाराष्ट्रात बहुतेक गट "उमेद" (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा "माविम"शी (महिला आर्थिक विकास महामंडळ) जोडलेले असतात. तुमच्या भागातला गट कोणता, जागा आहे का, हे गावच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीला, माहीत असतं. एका वेळी एकाच गटात राहा. दोन गटांतली दोन कर्जं एकाच पगारातून फेडायची वेळ आली, की दोन्हीकडे खाडे पडतात.

नाव घालण्याआधी एका बैठकीला नुसतं बसून या. पैसे सगळ्यांसमोर सतरंजीवर मोजले जातात का? पासबुकं तिथेच भरली जातात की सचिव "घरी जाऊन लिहिते" म्हणते? न आलेल्यांची बचत कोणी आणून दिली, याची नोंद होते का? बैठक वीस मिनिटांत उरकून सगळ्या घरी जात असतील, तर हिशोब दुसरीकडे कुठेतरी होतोय, हे ओळखा.

जुन्या गटात शिरताना एक पेच असतो. बाकीच्यांची प्रत्येकी, समजा, ४,८०० रुपये बचत झालेली असते, वर व्याजातून आलेला नफाही असतो. तुम्ही एकदम ४,८०० भरले तर बचत बरोबरीची होते, पण आजवरच्या नफ्यावर तुमचा हक्क नसतो. हे तोंडी ठेवू नका. आजच्या तारखेपर्यंतचा नफा जुन्या सभासदांच्या नावे मांडायचा आणि तुमचा वाटा पुढच्या महिन्यापासून धरायचा, असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. तो लिहिलेला नसला, की दोन वर्षांनी वाटपाच्या दिवशी भांडण ठरलेलं.

आता बैठक. पाच गोष्टी नियमित हव्यात: बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि हिशोबलेखन. गटाच्या भाषेत ही पंचसूत्री. उमेदमध्ये पुढे आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजना आणि शाश्वत उपजीविका धरून दशसूत्री होते, पण पहिल्या पाच ढिल्या असतील तर बाकीच्या पाच कागदावरच राहतात.

एका बैठकीचा हिशोब असा दिसतो. मागची हातातली शिल्लक २६० रुपये. बारापैकी अकरा जणींची बचत, प्रत्येकी २०० प्रमाणे २,२००. कर्जाचं मुद्दल परत आलं ३,५००, व्याज २९०, उशिराचा दंड १०. एकूण ६,२६०. त्यातून ५,००० चं कर्ज दिलं, १,१०० बँकेत भरायला काढले. हातात राहिले १६०. रोकड वहीत १६० लिहिलेले आणि डब्यात प्रत्यक्ष १६० असतील, तरच बैठक संपली. पन्नास कमी निघाले तर "पुढच्या वेळी बघू" नको, त्याच जागी पासबुकं परत वाचा. पन्नासची चूक त्याच दिवशी पाच मिनिटांत सापडते, महिन्याभराने ती कोणाच्या तरी बदनामीवर जाते.

तुमचं पासबुक मात्र तुम्हीच वाचा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या, पण बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी.

अंतर्गत कर्ज घेताना "दोन रुपये शेकडा" एवढं ऐकून मान डोलावू नका. व्याज कशावर, ते विचारा. ६,००० रुपये सहा महिन्यांसाठी, दरमहा १,००० मुद्दल फेडायचं. व्याज राहिलेल्या मुद्दलावर असेल तर १२०, १००, ८०, ६०, ४०, २०, म्हणजे एकूण ४२० रुपये. तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६,००० वर लावलं तर दरमहा १२०, एकूण ७२०. दर दोन्हीकडे तोच, फरक ३०० रुपयांचा. राहिलेल्या मुद्दलावरची पद्धतच रास्त. आणि दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला २४ टक्के, हेही ध्यानात असू द्या. बरेच गट पैसा साठला की दर एक रुपयावर आणतात. तुम्हीही तो विषय काढू शकता.

बँकेत गटाचं बचत खातं असतं आणि सह्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघींच्या चालतात. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो कोऱ्या स्लिपवर आधीच सह्या करून ठेवल्याने. "रोज रोज कुठे बँकेत जायचं" हे कारण खरं असतं, तरी सही आकडा लिहिल्यावरच. पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदललेल्या बऱ्या. फक्त नव्या सह्यांसाठी बँकेला ठराव आणि नव्या बायकांची कागदपत्रं लागतात, म्हणून कर्जाचा हप्ता तोंडावर असताना बदल काढू नका.

बँक गटाला कर्ज देते ती दप्तर बघून. नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक) १९९२ साली ५०० गटांपासून गटांना बँकेशी जोडायचा हा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गाभा तोच आहे. गट किमान सहा महिने नियमित चाललेला हवा. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या (महाराष्ट्रात उमेदच्या) गटांसाठी पहिलं कर्ज किमान दीड लाख किंवा गटाच्या निधीच्या (बचत, व्याज धरून) सहापट, यातलं जे जास्त ते, असं रिझर्व्ह बँकेचं मार्गदर्शन आहे. दहा लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही. शाखेत कोणी "आधी एवढी ठेव ठेवा" म्हणालं तर कारण लेखी मागा आणि तालुक्याच्या उमेद कक्षात कळवा.

कर्ज आलं की बारा जणींत सारखं वाटून टाकायचा मोह होतो. कोणी नाराज होत नाही ना! पण जिला गरज नाही ती आपला वाटा दुसरीला देते, दुसरी तिसरीला, आणि हप्ता चुकला की कर्ज नक्की कोणाचं, हेच कळेनासं होतं. मागणी लिहून घ्या: किती, कशासाठी, हप्ता कुठल्या कमाईतून. दुसरीसाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढू नका, ती सख्खी जाऊ असली तरी. भीड वाटत असेल तर "बैठकीत विचारते" म्हणून विषय तिथे न्या, एकटीने नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं जातं.

गट सोडायचा असेल तर बैठकीत अर्ज द्या. बचत अधिक नफ्याचा वाटा, वजा तुमचं राहिलेलं कर्ज आणि दंड, असा हिशोब इतिवृत्तात मांडून घ्या. बँकेचं कर्ज चालू असताना त्यातला तुमचा भाग फेडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. रक्कम मिळाल्यावर पासबुकात "खाते बंद" लिहून तारीख घाला आणि सह्या घ्या. ते पासबुक गटाकडे जमा करण्याआधी शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा.