वसंतातल्या मऊ बर्फात ट्रेक करताना या चुका टाळा

डोंगरातला मऊ बर्फ पायाला बरा वाटतो, पण दमवतो तोच. वसंतात वरचा थर दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. सकाळी सहाला ज्यावरून चालत गेलात, त्याच जागी दुपारी एकला मांडीपर्यंत रुतता. त्यामुळे इथे किलोमीटर मोजण्यापेक्षा घड्याळ पाहणं महत्त्वाचं, आणि बऱ्याच चुका तिथेच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आरामात नाश्ता करून निघणं. अंधार असतानाच निघा आणि परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवून टाका. शिखर अर्ध्या तासावर राहिलं असलं तरी त्या वेळी वळायचं. यावर गटात वाद होतात, म्हणून ते खालीच बोलून घ्यावं.

रात्रीचं आकाशही बघा. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता वर निघून जाते, त्यामुळे हवा शून्य अंशाच्या थोडी वर असली तरी थर गोठू शकतो. ढगाळ रात्री ही उष्णता अडते आणि बर्फ नीट गोठतच नाही. उजाडताना बूट घोट्याच्या वर रुतत असेल, तर त्या दिवसाचा बेत सरळ छोटा करा. ऊन चढल्यावर परिस्थिती सुधारत नाही.

हे फक्त दमण्यापुरतं नाही. ओल्या बर्फाची पकड सुटली की हिमस्खलन होतं, आणि त्याचा धोका 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सर्वाधिक असतो. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले किंवा शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसली, तर तिथून लगेच निघा आणि कमी उताराच्या जागी या. त्या उताराच्या पायथ्याशी जेवायला बसणारेही दिसतात, तेही टाळा. उन्हाळी पायवाट तीव्र उताराला आडवी छेदत जात असेल, तर बर्फात तीच वाट सर्वांत वाईट ठरू शकते. आधीच्या पावलांवर डोळे मिटून जाऊ नका, तो माणूस चुकलेलाही असू शकतो.

पाय खोल रुतला की झटका देऊन ओढण्याची सवय असते, त्यात गुडघा मुरगळतो. वजन दुसऱ्या पायावर आणि काठ्यांवर घ्या, बुटाभोवतीचा बर्फ हाताने मोकळा करा, मग पाय वर काढा. काठ्यांना टोकाजवळ रुंद बास्केट, म्हणजे गोल चकत्या, लावलेली हवीत, नाहीतर त्याही तेवढ्याच खोल जातात. खडक आणि झाडं उन्हाने तापतात, म्हणून त्यांना लागून बर्फाखाली पोकळी तयार होते. आधारासाठी खडकाला चिकटून चालणं त्यामुळे उलटंच पडतं, थोडं अंतर राखा. ओढ्यावरचा बर्फाचा पूल खचलेला दिसला किंवा खालून पाण्याचा आवाज आला, तर दुसरी जागा शोधा. उघडा ओढासुद्धा सकाळीच ओलांडा, दुपारी वितळलेलं पाणी येऊन तो फुगतो.

क्रॅम्पॉनचा, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातांचा, अट्टहास नको. ओला बर्फ त्यांच्या खाली गोळा होतो आणि दात टेकतच नाहीत. मधूनमधून आइस ॲक्सच्या (बर्फातल्या कुऱ्हाडीच्या) दांड्याने ठोकून तो पाडा. तरीही लगेच भरत असेल आणि उतार सौम्य असेल, तर ते काढून ठेवा. स्नोशू (पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) मोकळ्या, सपाट भागात उत्तम, आडव्या तीव्र उतारावर त्रासदायक. उतरताना टाच जोरात रोवत चाला. बसून घसरत जायचं असेल तर क्रॅम्पॉन घालून कधीच नाही. एखादा दात अडकला की घोटा मोडतो. घसरण कुठे संपते ते दिसत नसेल, तर चालतच उतरा.

सुती मोजे, गेटर्सशिवाय (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायच्या आवरणाशिवाय) बूट आणि सुक्या मोज्यांचा जादा जोड न घेणं, या नेहमीच्या चुका आहेत. उन्हाचं मात्र बऱ्याच जणांना सुचत नाही. बर्फावरून परतलेले किरण हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही भाजतात, तिथेही सनस्क्रीन लावा. बाजूने बंद असलेला गडद गॉगल ढगाळ हवेतही काढू नका. डोळ्यांना इजा होत असताना काहीच जाणवत नाही. वाळू गेल्यासारखं खुपणं काही तासांनी, बहुधा रात्री तंबूत सुरू होतं. तसं झालं तर कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे चोळू नका, अंधारात विश्रांती घ्या आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर जाऊ नका.