अडीचचं वजन अडीचलाच

निकाल लागले की ओळखीपाळखीची फार्मसी झालेली पोरं घरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कुठली कंपनी धरू?" पंचवीस वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात काढल्यावर माझं मत असं झालंय की पहिली दोन वर्षं कंपनीच्या नावाकडे फार बघू नका. प्रॉडक्शन किंवा क्यूसी (मालाची तपासणी करणारी लॅब) मिळत असेल तर ते धरा आणि तिथंच हात बसू द्या. बाकीचं मागून येतं.

मी १९९८ ला बी.फार्म. झालो. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर, लेथवर काम करणारे. आमच्या गल्लीत फार्मसी म्हणजे औषधाचं दुकान, एवढंच ठाऊक. आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या भरपूर, पण गोळ्यांच्या मोठ्या कारखान्यांसाठी गाव सोडावंच लागतं. गोवा, नाहीतर थेट हिमाचलातलं बद्दी. बल्क ड्रगमध्ये, म्हणजे औषधाचा मूळ कच्चा माल बनवण्यात, जायचं असेल तर लोटे, महाड, कुरकुंभ. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी रडारड होते.

मी गोव्याला लागलो. कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळ्या पाडतात तिथं, नाईट शिफ्ट. पॅरासिटामॉल ५०० ची बॅच चालू होती. दर अर्ध्या तासाला वीस गोळ्या उचलायच्या, एकेक तराजूवर ठेवायची, वजनं बीएमआरमध्ये, म्हणजे त्या बॅचच्या नोंदवहीत, लिहायची. २५० मिलिग्रॅमच्या वरच्या गोळीला सरासरीपासून पाच टक्क्यांची मुभा असते. वीसांपैकी फार तर दोन त्याबाहेर चालतात, आणि दहा टक्क्यांबाहेर एकही चालत नाही. तीन-चार तास वजनं अगदी सारखी येत होती. डोळ्यांवर झोप होती. दोन वाजून दहा मिनिटांनी मी अडीचचा रकाना आधीच भरून टाकला.

दोन पंचवीसला मशीन बंद पडलं. पंचाला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या दांड्याला, पावडर चिकटायला लागली होती. ऑपरेटरनं मशीनच्या लॉगबुकात वेळ घातली, पंच उतरवून साफ करायला घेतले. तेवढ्यात क्यूएचे, म्हणजे काम नियमानं होतंय का बघणाऱ्या विभागाचे, सर राउंडला आले. लॉगबुक उघडलं, मग माझी बीएमआर. मशीन दोन पंचवीसपासून बंद, आणि माझ्या कागदावर अडीचची वीस वजनं. सर आवाज न चढवता म्हणाले, "आता मला सांग, आधीची कुठली वजनं खरी मानू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आधीची सगळी खरी होती, पण ती खरी आहेत हे सांगायला दुसरं काही उरलं नव्हतं. डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची लेखी चौकशी, निघालं, तयार झालेला माल वेगळा काढला गेला, पुन्हा तपासला गेला. पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्याची सही लागायची.

सुट्टीवर आल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "कास्टिंगला आत हवेचं भोक, ब्लो होल असला तर मशीनिंगला दिसतो. तुमच्या गोळीत काय दिसतंय?" मला तेव्हा नेमकं कळलं. गोळी तपासायची म्हणजे ती विरघळवायची, चुरायची. बॅचमधल्या लाखो गोळ्या कोणी तपासत नाही, मूठभर तपासतो. उरलेल्या चांगल्या आहेत हे फक्त प्रोसेस आणि तिच्या नोंदी सांगतात. ती गोळी कागलच्या एखाद्या तापलेल्या लेकराला आई अर्धी मोडून देणार असते, आणि तिच्या हातात आपल्या कागदाशिवाय दुसरा आधार नाही.

म्हणून सांगतो, केलं की लगेच लिहा. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवणं तर नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीची सरकारी नियमावली, सुधारलं, आणि आता छोट्या कारखान्यांनाही नोंदींची ही शिस्त टाळता येत नाही. ज्यांचा हात आधीपासून स्वच्छ होता त्यांना त्याचं काहीच जड गेलं नाही.

आता पगाराचं. दोन हजार जास्त मिळाले म्हणून आठव्या महिन्यात उडी मारू नका. १९४५ च्या ड्रग्ज रूल्सप्रमाणे उत्पादनावर देखरेख करणारा टेक्निकल माणूस व्हायला फार्मसी पदवीधराला १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.वाल्याला तीन वर्षं. एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) हे अप्रूव्हल हातात आलं की तुमची किंमतच बदलते. पगार नंतर तुम्ही सांगायचा.

एक बारीक गोष्ट राहिली. नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं 'प्रॉडक्शन' लिहून घेऊ नका. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शन, ज्या सेक्शनला काम केलं त्याचं नाव आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. गोव्याहून परत येऊन एका शब्दासाठी दोनदा हेलपाटे घातलेत मी.